न दिसलेला झोका

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे 'भिंग' म्हणत. हे नाव तिला तिच्या नणंदेनं ठेवलं होतं, आणि तेही कौतुकानं. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात तिनं फळीवरचा एक पेला उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "वन्सं, याला तडा गेलाय." त्या पेल्यानं घरातली माणसं तीन वर्षं पाणी पीत होती आणि कुणाला काही दिसलं नव्हतं. नणंदेनं पेला हातात घेतला, फिरवला, डोळे बारीक केले, नखानं चाचपला. मग म्हणाली, "अगं बाई, ही सून कसली, हे तर भिंग आहे!" दोन महिन्यांच्या आत तिनं साहेबाच्या मागे लागून भिंगला स्वतःच्या शेजारी कामाला लावून घेतलं.

काम काय, तर बघायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंच? बसून बघायचं आणि वर पगार? भिंगच्या नवऱ्याचं तर हे कायमचं दुखणं होतं. तो मालाची गाडी चालवायचा. घरी आला की म्हणायचा, "मीपण दिवसभर बघतच असतो, आणि वर गाडीही चालवतो." यावर त्याची थोरली बहीण, म्हणजे आपली ही नणंद, त्याच्यापुढे ताट ठेवत म्हणायची, "एक दिवस येऊन बस तिथं. मग तोंड वर करून बोल."

औषधासाठी लागणाऱ्या तपकिरी बाटल्या भट्टीतून निघून, सावकाश थंड होत, पट्ट्यावरून एकामागून एक यायच्या. एका ठिकाणी पट्ट्याच्या मागे पांढऱ्या उजेडाचा पडदा होता आणि समोर उंच स्टूल. स्टुलावर बसलेल्या बाईसमोरून मिनिटाला साठ बाटल्या जायच्या. मान वाकडी आहे का, काचेत बुडबुडा आहे का, तळाला चीर, तोंडाला टवका आहे का, हे सेकंदात बघायचं. खोट दिसली की बाटली उचलायची आणि गुडघ्याशी ठेवलेल्या पिंपात टाकायची, खळ्ळ. ती टाकेपर्यंत पुढची बाटली समोर. डोळा चोळायला उसंत नाही, शिंक आली तरी डोळे उघडे ठेवून शिंकायचं, असं बायका गमतीनं म्हणत.

म्हणूनच तिथं एक नियम होता. एका पट्ट्याला दोन बायका. एक वीस मिनिटं स्टुलावर बसणार, त्याला 'बैठक' म्हणायचे. तेवढ्या वेळात दुसरी पलीकडे खोकी भरणार. वीस मिनिटांनी घंटा व्हायची आणि दोघींनी जागा बदलायच्या. प्रत्येकीचा नंबराचा शिक्का होता. ज्या बैठकीतून खोकी निघाली, त्या बैठकीच्या बाईचा शिक्का खोक्याच्या चिठ्ठीवर मारायचा, शेजारी तारीख आणि वेळ लिहायची. नणंदेचा शिक्का सात नंबरचा, भिंगचा आठ.

हा वीस मिनिटांचा नियम बायकांना आधी चोचले वाटायचा. तेव्हा तिथं एक म्हातारे मिस्त्री होते. नवीन बायका आल्या की ते त्यांना भिंतीशी उभं करायचे आणि विचारायचे, "तुमचं नाक तुम्हाला दिसतं का?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग ते म्हणायचे, "एक डोळा मिटा." एक डोळा मिटला की नाकाची कड दिसायची. "बघा. जन्मापासून डोळ्यांसमोर आहे. डोळा रोज पाठवतो, डोकं रोज पुसून टाकतं. का? तर नाकात नवीन काय आहे? डोकं हे फार कंजूष प्रकरण आहे. डोळे, कान, नाक, कातडी, सगळ्यांनी मिळून एवढं सामान आणून टाकलेलं असतं की सगळं उघडून बघत बसलं तर जगणं व्हायचं नाही. म्हणून ते वरवर चाळतं आणि उरलेलं फेकून देतं. तेच ते यायला लागलं की बघणंच थांबवतं आणि मघाचंच चित्र पुढे करतं. तुम्हाला वाटत राहतं, मी बघतेय. म्हणून वीस मिनिटं. माझ्या हौसेखातर नाही."

भट्टीचा आवाज इतका असायचा की नवी बाई पहिल्या दिवशी डोकं धरून घरी जायची. पंधराव्या दिवशी तीच बाई विचारायची, कसला आवाज? कारखान्यात तेलकट, जळका वास भरलेला होता. भिंगच्या नवऱ्याला तो तिच्या केसांना यायचा, तिला स्वतःला कधीच आला नाही. मिस्त्रींचं म्हणणं असं रोज पटत होतं, आणि रोज पटणारी गोष्ट माणूस जशी ऐकून सोडून देतो, तशी भिंगनंही दिली.

डोकं जागं राहावं म्हणून मिस्त्री आणखी एक करायचे. खोट असलेल्या जुन्या बाटल्यांच्या तळाला रंगाचा ठिपका लावून त्या गुपचूप पट्ट्यावर सोडायचे. त्यांना सगळे 'चोर' म्हणत. दिवसातून चार-पाच चोर यायचे. पिंपात किती सापडले ते संध्याकाळी मोजायचं. इतर बायकांचे पाचातले चार सापडायचे, कधी तीन. भिंगचे पाचातले पाच. चौदा वर्षांत तिच्या हातून सुटलेले चोर एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. साहेब पाहुण्यांना घेऊन आले की तिच्या स्टुलामागे उभे राहून म्हणायचे, "ह्या आमच्या भिंगबाई." भिंग मान वळवायची नाही, पण पाठ ताठ व्हायची. नणंद पलीकडून खोकी भरता भरता ओरडायची, "शोध माझा आहे, साहेब!"

आता झोक्याचं सांगायला हवं. बाटलीच्या सगळ्या खोटांमधली ती सगळ्यात वाईट खोट. बाटली साच्यात फुगताना कधीतरी आतल्या दोन बाजू क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि सुटताना त्यांच्यात काचेचा एक बारीक धागा राहतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आत टांगलेला, केसाएवढा. त्याला झोका म्हणायचे. बाटलीत औषध भरलं की तो तुटतो आणि त्याचे तुकडे औषधात जातात. ते औषध लहान मुलांच्या खोकल्याचं. वाकडी मान सुटली तर फार तर झाकण बसणार नाही. झोका सुटला तर काय होईल ते कुणी बोलून दाखवायचं नाही.

पण झोका यायचाच किती वेळा? भिंगनं शिकताना एकदा पाहिला होता, आणि पुढे एकदाच पकडला होता, त्यालाही नऊ वर्षं होऊन गेली होती. नमुन्यांच्या कपाटात चोर म्हणून सोडायला एक झोक्याची बाटली होती. कपाट पुसताना ती कुणाच्या तरी हातून टेबलावर जरा जोरात टेकली आणि आतला धागा तुटला. दुसरी आणू, दुसरी आणू म्हणता म्हणता मिस्त्री रिटायर झाले. त्यामुळे चोरांमध्ये बाकी प्रत्येक खोट होती, झोका तेवढा नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

त्या वर्षी नणंदेचे गुडघे गेले. उंच स्टुलावर पाय लोंबते ठेवून बसलं की कळ मांडीपर्यंत जायची. उतरताना ती स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरायची आणि ओठ मिटून घ्यायची. भिंगला ते बघवेना. एके दिवशी घंटा झाली तरी ती स्टुलावरून उठलीच नाही.

"ऊठ की," नणंद म्हणाली.

"तुम्ही बसा तिकडे खोक्यांवर, पाय लांब करून. ही बैठक मी काढते."

"अगं, वीस मिनिटांचा नियम आहे."

"तो ज्यांचे डोळे थकतात त्यांच्यासाठी, वन्सं. माझे चोर मोजून घ्या संध्याकाळी."

त्या संध्याकाळी पाचातले पाच चोर सापडले. दुसऱ्या दिवशीही पाच. मग ते रोजचंच झालं. सकाळच्या तीन बैठका, तासभर, भिंग सलग बसायची. मधल्या बैठकीच्या चिठ्ठ्यांवर स्वतःच्या हातानं सात नंबरचा शिक्का मारायची. यात माया नव्हती असं कोण म्हणेल? होतीच. पण मायेत थोडी फुशारकीही कालवलेली होती. नियम माझ्यासाठी नाही, हे तिला रोज तासभर सिद्ध करायला मिळत होतं, आणि ते तिला गोड लागत होतं.

दोन महिन्यांनी औषधाच्या कंपनीकडून गाडी भरून खोकी परत आली. त्यांच्याकडे बाटल्या भरण्याआधी एका बाईनं सहज एक बाटली उजेडात धरली होती. झोका. मग त्यांनी ते सगळं खोकं तपासलं. आणखी दोन. तिन्ही एकाच खोक्यात. खोक्याच्या चिठ्ठीवर तारीख होती मागच्या आठवड्यातली, वेळ दहा वीस ते दहा चाळीस, आणि शिक्का सात नंबरचा. साचा असा बिघडतो तेव्हा एकामागून एक चार-सहा झोके देतो, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तीन सापडले होते. चौथा होता की नव्हता, असला तर कुठं गेला, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

साहेबांनी नणंदेला खोलीत बोलावलं. तिच्या मागोमाग भिंगलाही बोलावलं, पण आरोपी म्हणून नव्हे, जाणकार म्हणून. टेबलावर ती बाटली ठेवलेली होती. साहेबांनी चिठ्ठी पुढे केली.

"हा शिक्का तुमचा?"

नणंदेनं चिठ्ठी बघितली. "शिक्का माझाच आहे," ती म्हणाली. चिठ्ठी तिनं परत सरकवली.

तो दिवस भिंगला चांगला आठवत होता. ती त्या तासाभरात कुणाशी बोलली नव्हती, कुठं बघितलं नव्हतं, तिला डुलकी लागली नव्हती. तिची नजर पडद्यावर होती. तिनं त्या तिन्ही बाटल्या बघितल्या होत्या, आणि तिला त्या दिसल्या नव्हत्या. हे कसं झालं, तेच तिला कळत नव्हतं. सांगायचं तर काय सांगायचं? सांगावं तर लागणारच, हेही ती मनात म्हणत होती. म्हणजे तिला तरी नंतर तसं आठवायचं.

तेवढ्यात साहेबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. "भिंगबाई, तुम्ही सांगा. असा झोका सुटू शकतो का? तुमच्या हातून सुटला असता का?"

कुणी तरी आपल्या कसबाविषयी विचारलं की तिची पाठ ताठ व्हायची. त्या दिवशीही झाली. तोंड आपोआप उघडलं.

"लक्ष असलं तर सुटत नाही, साहेब."

नणंदेनं वळून तिच्याकडे पाहिलं. एकदाच. मग ती पुन्हा टेबलावरच्या बाटलीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून नणंदेला चुऱ्यावर पाठवलं. कारखान्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली, फुटक्या काचेचे ढीग असत. तपकिरी काच एकीकडे, पांढरी दुसरीकडे, हिरवी तिसरीकडे, अशी वेगळी करून ती पुन्हा भट्टीत जायची. जाड हातमोजे घालून दिवसभर उभं राहून करायचं काम. ज्या गुडघ्यांना स्टूल सोसत नव्हतं, त्यांच्या वाट्याला हे आलं. भिंगच्या शेजारी दुसरी बाई आली. वीस मिनिटांची घंटा झाली की भिंग आता ताडकन उठायची.

घर तेच. दोन खोल्या, वरच्या मजल्यावर. खालून वर यायला अकरा पायऱ्या. नणंद एक पाय वरच्या पायरीवर ठेवायची, थांबायची, कठडा धरून दुसरा पाय त्याच पायरीवर आणायची, पुन्हा थांबायची. टप, घसट. टप, घसट. अकरा वेळा. सुरुवातीला भिंगला त्यातला प्रत्येक आवाज छातीत लागायचा. ती हातातला कांदा तसाच टाकून जिन्यात धावायची, नणंदेच्या हातातली पिशवी घ्यायची, पाणी तापवून आणायची. ताट आधी नणंदेपुढे ठेवायची. आणि दर संध्याकाळी मनाशी ठरवायची, आज जेवण झालं की सांगू. जेवण व्हायचं. नवरा गाडीच्या टायरचं काहीतरी सांगत बसायचा. मग ती म्हणायची, आता यांच्यासमोर कसं सांगू? उद्या सांगू. कधी म्हणायची, दोघींनी मिळून नियम मोडला होता, मी बोलले तर दोघींचीही नोकरी जाईल, मग घर कसं चालायचं? एकीची तरी राहिली. सबबी काय, मागाल तेवढ्या हजर असतात. नणंदही काही बोलत नव्हती. पूर्वीसारखीच भाजी निवडायची, भावाला टोमणे मारायची, पाण्यात पाय सोडून बसायची.

खालच्या घरात एक लहान मूल होतं. ते खोकलं की भिंगच्या हातातलं भांडं पडायचं. रस्त्यावरच्या गाड्या, शेजारचा रेडिओ, नळाचं पाणी, एवढ्या गोंगाटातूनही तो एवढासा खोकला तिला बरोब्बर ऐकू यायचा. खालची बाई जिन्यात भेटली की ती विचारायची, "औषध देताय का? बाटली उजेडात धरून बघत जा हं." त्या बाईला वाटायचं, भिंगबाई किती माया करतात आमच्या बाळावर.

साधारण पाच महिने गेले असतील. एका संध्याकाळी ती ओट्याशी कणीक मळत होती. नवरा आत आला आणि म्हणाला, "ताई, आज लवकर?" भिंगनं वळून पाहिलं तर नणंद खाटेवर बसलेली. चपला काढून, हातपाय धुऊन, केस सोडून बसलेली. आली कधी? दार सताड उघडं होतं, जिना दाराला लागून होता. अकरा पायऱ्या ती चढली होती, टप, घसट, आणि भिंगच्या कानावर एकही पायरी पडली नव्हती.

भिंगचे कणकेतले हात तसेच राहिले. ती घाबरली. मग तिनं मागं मोजायचा प्रयत्न केला. काल ऐकलं होतं का? परवा? जिन्यात धावत जाणं कधी थांबलं? पाणी ती अजून तापवत होती, पण ते आता भात लावावा तसं लावत होती. उद्या सांगू, हेही मनात म्हणायचं कधीतरी बंद झालं होतं. केलेलं पाप तिथंच होतं, अकरा पायऱ्या चढून रोज घरात येत होतं, समोर बसून जेवत होतं. तिला मात्र ते दिसेनासं झालं होतं. मिस्त्रींचं नाक तिला आठवलं, आणि आपली इतकी लाज वाटली की ती पाठ फिरवून उगाच पीठ मळत राहिली.

त्यानंतर तिनं मुद्दाम ऐकायला सुरुवात केली. संध्याकाळ झाली की हातातलं काम थांबवून जिन्याकडे कान लावायची. एक, दोन, तीन, मोजायची. आठवडाभर जमलं. दहा दिवस जमलं. मग मोजण्याचीही सवय झाली, आणि मोजता मोजता ती मीठ घातलं की नाही याचा विचार करू लागली. माणसाचं मनही काय नग आहे. टोचणी लावून घ्यायची म्हटलं तरी टिकत नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग तपासणी खात्यावर एक नवीन बाई आल्या. वयानं लहान, चष्मा, बोलायला मऊ. सगळ्या त्यांना मॅडम म्हणायच्या. त्यांनी आल्या आल्या जुनी कपाटं उपसली, जुन्या तक्रारी वाचल्या, आणि चोरांची वही बघून विचारलं, "यात झोका का नाही?" परत आलेल्या तीन बाटल्यांपैकी एक साहेबांच्या कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेली होती. मॅडमनी ती मागून घेतली, तळाला ठिपका लावला.

मंगळवारी सकाळी पहिली बैठक भिंगची होती. डोळे ताजे, झोप पुरेशी झालेली, चहा घेतलेला. बैठक संपली, घंटा झाली, ती उतरली. मॅडम शेजारी उभ्या होत्या, हातात बाटली.

"ही तुमच्यासमोरून गेली, ताई. सहाव्या मिनिटाला."

भिंगनं बाटली घेतली आणि उजेडात धरली. आत काचेचा धागा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आंधळ्यालाही दिसावा असा.

"नाही," ती म्हणाली. "ही नाही गेली. मी बघत होते."

"हो, बघत होता. मी तुमच्याकडेच बघत होते. ही बाटली समोर आली तेव्हा तुमची मानसुद्धा तिच्याबरोबर थोडी वळली. नजर तिच्यावर होती. डोळ्यांनी पाठवली, डोक्यानं घेतली नाही." मग बाई घाईनं म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. काल दुसऱ्या पट्ट्यांवर सोडली होती, कुणालाच सापडली नाही. वर्षानुवर्षं जी वस्तू येत नाही, तिला डोकं शोधायचंच सोडून देतं. आता आपण अशा दहा बाटल्या करून घेऊ, रोज सोडू, मग सापडायला लागेल. यात दोष तुमचा नाही. लक्ष असलं तरी झोका सुटतो."

दोन वर्षं जी गोष्ट तिला कळत नव्हती, ती कुणीतरी इतक्या सोप्या शब्दांत हातात ठेवली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. खरंच उतरलं, एक श्वास घेण्यापुरतं. दोष माझा नाही. मी बघत होते. मग मॅडमचं शेवटचं वाक्य तिच्या कानात पुन्हा वाजलं. लक्ष असलं तरी सुटतो. ती काय बोलली होती साहेबांच्या खोलीत? लक्ष असलं तर सुटत नाही. बाटली सुटली ती डोक्याची चूक, मान्य. ते वाक्य काही डोक्यानं परस्पर गाळलं नव्हतं. ते तिनं जिभेनं, सगळ्यांसमोर, नणंदेच्या कानांदेखत म्हटलं होतं, आणि त्यानंतर दोन वर्षं गिळून बसली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "ही परत आलेली बाटली माझ्या हातून सुटली होती. चिठ्ठीवर सातचा शिक्का आहे, पण बैठक माझी होती. शिक्का मी मारला."

मॅडमनी विचारलं, "सात नंबर म्हणजे कोण?"

"माझी नणंद. चुऱ्यावर असते."

"तेव्हा सांगितलं नाहीत?"

"नाही."

"मला हे वर कळवावं लागेल, ताई."

"कळवा," भिंग म्हणाली. ती पट्ट्यापाशी थांबली नाही, तडक चुऱ्याकडे निघाली.

मागच्या अंगाला पत्रा तापलेला होता. नणंद ढिगाशी उभी होती, एक ढोपर लाकडी खोक्याला टेकवून. हात चालू होते. तपकिरी इकडे, पांढरी तिकडे. भिंग तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काचेचा आवाज इतका होता की तिला ओरडून बोलावं लागलं, आणि असली गोष्ट ओरडून बोलताना रडू आवरत नाही.

"वन्सं, मी सांगून आले. त्या दिवशी मी बसले होते ते."

नणंदेनं एक तुकडा उजेडाकडे धरला, कुठला रंग ते पाहिलं आणि टाकला. "बरं केलंस."

"तुम्हाला माहीत होतं."

"मला माहीत नसेल? मी खोक्यांवर बसून पाय चोळत होते."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"मी काय बोलायचं? ती भावजय म्हणून माझ्या जागी बसली, आणि मी तिचंच नाव सांगू?" नणंदेनं हातमोजा काढून कपाळ पुसलं. "साहेबानं तुला विचारलं ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं बघ. म्हटलं, आता ही बोलेल."

भिंगनं पायाशी आलेला तपकिरी तुकडा उचलून त्याच्या ढिगात टाकला.

"मग घरी वाट बघितली. तू पाणी तापवून आणायचीस, माझ्या पायाशी ठेवायचीस, तिथंच घुटमळायचीस. मला वाटायचं, आज बोलणार. महिनाभर वाटलं. दीड महिना असेल."

"आणि मग?"

"मग काय. पाणी पाणीच वाटायला लागलं."

"माझा राग आला असेल तुम्हाला."

नणंदेनं खरोखरच विचार केला. आठवायला जरा वेळ लागला तिला. "आला होता," ती म्हणाली. "खूप आला होता. रोज रोज किती राग धरणार, समोरच तर बसतेस जेवायला. आता तू समोर असलीस तरी..." पुढचं तिनं पुरं केलं नाही. हातमोजा पुन्हा चढवला. "जा, घंटा होईल. तुझी बैठक असेल."

"आता मला बसू देतील की नाही, कोण जाणे. तुम्हाला मात्र परत बोलावतील, वन्सं. मॅडम म्हणाल्या, वर कळवणार."

"बोलावू देत. त्या स्टुलावर आता चढणार कोण?"

संध्याकाळी दोघी बरोबरच घरी निघाल्या. जिन्यापाशी आल्यावर भिंगनं नणंदेच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला पुढे होऊ दिलं. आज तिला मोजावं लागलं नाही. टप, घसट. टप, घसट. प्रत्येक पायरी वेगळी ऐकू येत होती, आणि पाचव्या पायरीवर नणंद कठडा धरून जरा जास्त थांबते, हेही तिला आजच कळलं. खालच्या घरात मूल खोकलं. भिंग तिथंच उभी राहिली.

वर पोचल्यावर नणंदेनं वळून खाली पाहिलं.

"मागं का राहिलीस? ये वर," ती म्हणाली.

पूर्वी ती म्हणायची, ये गं भिंग. गेल्या दोन वर्षांत घरात तिनं ते नाव एकदाही घेतलं नव्हतं, आणि ते न घेतलेलं नाव भिंगला आज, पहिल्यांदा, ऐकू आलं.